ख्रिस्ती धर्मविचारातील ईश्वरी योजना व मानवी प्रयत्न : पंडिता रमाबाईंच्या कार्याच्या संदर्भात

प्रास्ताविक : ख्रिस्ती धर्मात परमेश्वर हा केवळ सृष्टीचा निर्माता नसून तिचा सततचा पालनकर्ता व नियंता मानला जातो. जगातील घटना त्याच्या हेतूबाहेर घडत नाहीत, अशी ही श्रद्धा आहे. मराठी वाचकाच्या मनात मात्र या श्रद्धेचा उल्लेख होताच ‘दैव’, ‘प्रारब्ध’, ‘नशीब’ हे शब्द उभे राहतात आणि ख्रिस्ती मनुष्य हा दैववादी असला पाहिजे, असा समज होतो. हा समज कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या संकल्पनेसाठी वापरल्या जाणाऱ्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ ‘आधी पाहणे’ असा आहे. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात अब्राहाम एका स्थळाला ‘यहोवा-यिरे’ हे नाव देतो. तेथील हिब्रू क्रियापदही ‘पाहणे’ याच अर्थाचे आहे. पाहणे आणि पुरविणे या दोन्ही छटा तेथे एकत्र येतात. दैव आंधळे असते. येथे मात्र पाहणारा कोणीतरी आहे. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीने आरोग्य व आजार, संपत्ती व दारिद्र्य ही योगायोगाने नव्हे तर पित्याच्या हातून येतात, असे सांगितले. यातील ‘पिता’ हा शब्द निर्णायक आहे. मनुष्याचा संबंध नियमाशी नसून व्यक्तीशी आहे, म्हणूनच स्तोत्रकर्ता परमेश्वराकडे तक्रारही करू शकतो. प्रारब्धाकडे तक्रार करता येत नाही.

सर्व काही ईश्वराच्या हाती असेल तर मनुष्याने प्रयत्न कशासाठी करावेत? हा आक्षेप जुनाच आहे. ईश्वराच्या सार्वभौमत्वाचा कडवा पुरस्कर्ता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जॉन कॅल्व्हिननेच त्याला उत्तर दिले, हे लक्षणीय आहे. ज्याने आयुष्याची मर्यादा ठरविली त्यानेच त्या आयुष्याची काळजी मनुष्यावर सोपविली आहे. म्हणून सावधगिरी व उपाययोजना ही ईश्वरी योजनेचीच साधने होत, असे त्याचे प्रतिपादन आहे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याचे सैतानाचे आव्हान येशूने नाकारले, तेही परमेश्वराची परीक्षा पाहू नये या कारणास्तव. विश्वास आणि बेफिकिरी यांतील सीमारेषा येथेच आखली गेली.

या विचाराचे प्रत्यक्ष रूप महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) जीवनात दिसते. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील व बहीण मरण पावली. पुढे १८८० मध्ये बंधू व १८८२ मध्ये पती निवर्तले. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. केवळ प्रार्थनेच्या आधारावर ब्रिस्टल येथे अनाथालये चालविणाऱ्या जॉर्ज म्युलर यांच्या वृत्तांताचा त्यांच्यावर प्रभाव पडला होता. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली व विधवा यांना आपल्यासोबत घेऊन आल्या. केडगाव येथे मुक्ती मिशन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथील आश्रितांची संख्या सुमारे दोन हजारांवर पोहोचली होती.

एवढ्या माणसांच्या रोजच्या अन्नाची हमी नसताना जबाबदारी स्वीकारणे, यास व्यवहारी मनुष्य अविचारच म्हणेल. परंतु केडगावात प्रार्थनेबरोबर शेती होती, विणकाम होते, शिक्षण होते, छापखाना होता. स्वतः रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले आणि मृत्यूपूर्वी ते पूर्ण केले. दुष्काळ ही ईश्वराची इच्छा आहे, असे म्हणून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. उपासमारीतून आपण वाचलो ते इतरांना वाचविण्यासाठी, हे त्यांच्या कार्याचे अंतःसूत्र मानता येईल. उत्पत्तीतील योसेफाच्या कथेशी त्याचे साम्य आहे. भावांनी विकलेला योसेफ मिसरात पुढे सात वर्षे धान्य साठवितो. ईश्वरी हेतूवरील त्याचा विश्वास कोठारांच्या रूपाने उभा राहिला होता.

या श्रद्धेचा एक धोका मात्र नाकारता येत नाही. स्वतःच्या दुःखाविषयी ‘यात देवाचा हेतू आहे’ असे म्हणणे आणि तेच दुसऱ्याच्या दुःखाविषयी म्हणणे यांत फार अंतर आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मूकपणे बसले, तोवर ते खरे मित्र होते. त्यांनी त्याच्या दुःखाचे कारण सांगण्यास आरंभ केला आणि ग्रंथाच्या अखेरीस परमेश्वराने त्यांनाच दोष दिला. ईयोबाला स्वतःलाही कारण सांगितले जात नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लिस्बनमध्ये भूकंप झाला व उपासनेस जमलेले असंख्य लोक चर्चमध्ये गाडले गेले. त्यानंतर युरोपातील अनेक धर्मोपदेशकांनी त्यामागील ईश्वरी कारण सांगण्याची घाई केली. व्हॉल्टेअरचा उपरोध अशा स्पष्टीकरणांच्या सुलभतेवर होता, आणि तेवढ्यापुरता तो ईयोबाच्या ग्रंथाशी विसंगत नाही. गेथशेमाने बागेत येशूने प्रथम दुःखाचा प्याला टळावा अशी याचना केली आणि नंतरच पित्याच्या इच्छेस मान तुकविली. ख्रिस्ती समर्पणात ही याचना वगळलेली नाही.