एकच निरोप, अनेक दारे

समजा तुमच्या शाळेत चाळीस वर्ग आहेत आणि मुख्याध्यापकांना एक सूचना द्यायची आहे. चाळीस कागदांवर तीच सूचना लिहून प्रत्येक वर्गात पाठवणे हा एक मार्ग. ध्वनिक्षेपकावरून सगळ्या शाळेला ऐकवणे हा दुसरा. पण सूचना केवळ चित्रकलेच्या परीक्षेला बसलेल्या मुलांपुरती असेल तर? पहिल्या मार्गात श्रम वाया जातात, दुसऱ्यात बाकीच्यांचा तास मोडतो.

संगणकांच्या जाळ्यापुढेही नेमका हाच प्रश्न उभा राहतो. मुंबईच्या एका कंपनीचे प्रमुख चाळीस शहरांतील कचेऱ्यांशी चलत्‌चित्राद्वारे बोलत आहेत असे धरू. चित्रासाठी सेकंदाला ४ मेगाबिट माहिती लागते. प्रत्येक शहरासाठी वेगळी प्रत पाठवली, तर मुंबईहून निघणाऱ्या तारेवर ४० × ४ म्हणजे १६० मेगाबिटांचा भार पडेल. आणि वाहत असेल काय? तेच चित्र, चाळीस वेळा!

यावरचा तोडगा अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणाऱ्या स्टीव्ह डीअरिंग यांनी मांडला. १९८९ साली त्याला इंटरनेटच्या नियमांत स्थान मिळाले. त्याचे नाव मल्टिकास्ट. आपण त्याला बहुप्रेषण म्हणू. एरवी इंटरनेटवरील पत्ता एका संगणकाचा असतो. पण २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते कोणा एकाचे नसून गटाचे असतात. ज्याला गटाचे चित्र हवे, तो संगणक आपल्या जवळच्या राउटरला तसे कळवतो. राउटर म्हणजे माहितीच्या पाकिटांना वाट दाखवणारे यंत्र. तो राउटर उगमाच्या दिशेच्या पुढच्या राउटरकडे मागणी करतो, तो त्याच्या पुढच्याकडे. वाटेत एखाद्या राउटरकडे ते चित्र आधीच येत असेल, तर तेथून फक्त नवी फांदी फुटते. असे हे झाड पानांकडून मुळाकडे वाढते! प्रत काढायची ती फांदी फुटते तेथेच. मुंबईच्या तारेवर भार उरतो केवळ ४ मेगाबिटांचा.

मात्र यासाठी झाडावरील प्रत्येक राउटरला एक नोंद ठेवावी लागते: कोणता गट, चित्र कोठून येते, कोणकोणत्या वाटांनी पाठवायचे. ही नोंद लक्षात ठेवा. पुढची सारी अडचण तिच्यातच आहे.

आता, शहराशहरांमधल्या तारा सहसा त्या कंपनीच्या मालकीच्या नसतात. ती एखाद्या दूरसंचार कंपनीची सेवा घेते. त्याच तारांवरून शेकडो ग्राहकांची माहिती जाते, पण प्रत्येकाला जाळे जणू आपल्या एकट्याचेच आहे असे वाटते. याला आभासी खासगी जाळे किंवा व्हीपीएन म्हणतात. यातली युक्ती टपालाच्या थैलीसारखी आहे. वाटेतल्या स्थानकावर कोणी थैली फोडून पत्ते वाचत बसत नाही. थैलीवरची चिठ्ठी पाहून ती पुढच्या गाडीत चढवली जाते. सेवादात्याच्या जाळ्यातही काठावरचा राउटर ग्राहकाचे पाकीट थैलीत घालतो आणि मधले राउटर केवळ वरची चिठ्ठी पाहतात. म्हणून दोन ग्राहकांनी २३९.१.१.१ हा एकच गटपत्ता वापरला, तरी त्यांची चित्रे एकमेकांत मिसळत नाहीत. मधल्या राउटरांना ग्राहकांची ओळखच नसते, आणि हे अज्ञानच जाळ्याचे बळ! ग्राहक कितीही वाढले, तरी त्यांच्या नोंदींचा बोजा मधल्या राउटरांवर पडत नाही.

बहुप्रेषण आले की हे अज्ञान अडचणीचे ठरते. प्रत वाटेतच काढायची, तर फांदी कोठे फुटते हे मधल्या राउटरला ठाऊक हवे. मग करावे काय? मार्ग तीन आहेत.

पहिला: काठावरच्या राउटरनेच हव्या तितक्या प्रती काढाव्यात. मधले राउटर निश्चिंत राहतात, पण तारा तुंबतात.

दुसरा: प्रत्येक ग्राहकाच्या प्रत्येक गटासाठी मधल्या जाळ्यात वेगळे झाड लावावे. ३०० ग्राहक आणि प्रत्येकाचे ५० गट असतील, तर झाडे झाली १५,०००. शिवाय नागपूरच्या कचेरीत कोणी चित्र सुरू वा बंद केले की मधल्या नोंदी बदलण्याची वेळ येणार.

तिसरा: प्रत्येक ग्राहकासाठी एकच सामाईक झाड लावावे. झाडे फक्त ३००! पण त्यावरची थैली त्या ग्राहकाच्या सर्व चाळीस शहरांना जाते. चित्र तिघांनाच हवे असेल, तर उरलेल्या सदतीस ठिकाणचे काठावरचे राउटर ती थैली टाकून देतात.

म्हणजे नोंदी वाचवाव्या तर तार वाया जाते आणि तार वाचवावी तर नोंदी वाढतात. सिस्को कंपनीतील एरिक रोझेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून व्यवहारी वाट काढली. किरकोळ माहिती सामाईक झाडावरूनच जाऊ द्यावी. एखाद्या गटाची माहिती ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वाहू लागली, तर तेवढ्यासाठी वेगळे झाड लावावे. काठावरचा राउटर तशी घोषणा करतो आणि ज्यांना ती माहिती हवी तेच त्या झाडाला जोडले जातात. ३०० ग्राहकांत असे दहाच मोठे प्रवाह असतील, तर झाडे होतील ३१०. या पद्धतीचे वर्णन २०१० साली आरएफसी ६०३७ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. २०१२ साली आरएफसी ६५१३ व ६५१४ यांनी अधिक व्यापक नियम घालून दिले. त्यांनुसार झाड कोणत्या प्रकारचे लावायचे हे सेवादाता निवडू शकतो.

आता वही-पेन्सिल घ्या. मुंबईहून एक तार मधल्या राउटरकडे जाते आणि तेथून २० शहरांकडे एकेक तार. चित्र २ मेगाबिटांचे आहे आणि ते पाचच शहरांना हवे आहे. सर्व तारांवरचा भार एकत्र मोजा. पहिल्या मार्गाने मुंबईच्या तारेवर १० आणि पुढच्या पाच तारांवर मिळून १०, म्हणजे २०. दुसऱ्याने २ आणि १०, म्हणजे १२. तिसऱ्याने २ आणि ४०, म्हणजे तब्बल ४२! मुंबईची तार हलकी करणारे सामाईक झाड एकूण जाळ्याला साध्या प्रतींपेक्षाही जड पडले.

तर मग किती शहरांना चित्र हवे असेल, तेव्हा तिसरा मार्ग पहिल्यापेक्षा स्वस्त ठरेल? हे मात्र तुम्हीच काढा. मर्यादा कोठे आखावी हे ठरवताना जाळ्याचा अभियंताही असाच हिशेब मांडतो.