प्रसिद्ध व्यक्तींच्या नावांवरील डोमेन वाद

प्रसिद्ध व्यक्तीच्या नावाचे डोमेन नाव तिच्या संमतीविना दुसऱ्याने नोंदवल्यास त्यावरील हक्काबाबत जे वाद उद्भवतात, त्यांना प्रसिद्ध व्यक्तींच्या नावांवरील डोमेन वाद म्हणतात. डोमेन नोंदणी 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' या तत्त्वावर होते. त्यामुळे नाव आधी अडवून ते चढ्या दराने विकण्याचे प्रकार घडतात. यास 'सायबरस्क्वॅटिंग' म्हणतात.

निकष

'डॉट कॉम'सारख्या नावांसाठी आयकॅन या संस्थेचे १९९९ चे तंटा निवारण धोरण लागू आहे. त्यानुसार तक्रारदाराला तीन बाबी सिद्ध कराव्या लागतात: डोमेन नाव आपल्या व्यापारचिन्हाशी भ्रामक साम्य असलेले आहे, नोंदणीधारकाला त्यात वैध हितसंबंध नाही आणि नोंदणी व वापर दुर्हेतूने झाला आहे. केवळ प्रसिद्धी पुरेशी नसते. नावाला व्यापारचिन्हाचे स्वरूप आलेले असावे लागते. भारताच्या 'डॉट इन' धोरणात (२००५) मात्र व्यापारचिन्हासोबत 'नाव' हा शब्दही आहे.

२००० साली अभिनेत्री ज्युलिया रॉबर्ट्स यांना जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या लवादाकडून त्यांच्या नावाचे डोमेन मिळाले. २००१ साली गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांची तक्रार मात्र बहुमताने फेटाळली गेली.

भारतातील न्यायनिर्णय

भारतात डोमेन नावांसाठी स्वतंत्र कायदा नाही. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ आणि 'पासिंग ऑफ' म्हणजे आपला माल वा सेवा दुसऱ्याची म्हणून खपवण्याविरुद्धचे तत्त्व यांच्या आधारे न्यायालये निर्णय देतात. रेडिफ प्रकरणात (१९९९) मुंबई उच्च न्यायालयाने डोमेन नाव हा केवळ पत्ता नसून मौल्यवान व्यावसायिक मालमत्ता असल्याचे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे प्रकरणात (२००४) डोमेन नावांना व्यापारचिन्हासारखे संरक्षण मान्य केले.

व्यक्तिनामाबाबत अरुण जेटली प्रकरण (दिल्ली उच्च न्यायालय, २०११) महत्त्वाचे ठरले. अभिनेते अनिल कपूर यांच्या दाव्यात (२०२३) याच न्यायालयाने त्यांच्या नावाची डोमेन नावे निलंबित करण्याचा आदेश दिला. गायक अरिजित सिंग यांच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अंतरिम संरक्षण दिले. त्यात नक्कल केलेल्या आवाजाबरोबर डोमेन नावांचाही प्रश्न होता.

मर्यादा

एकच नाव अनेकांचे असू शकते. स्वतःच्याच नावाने प्रामाणिकपणे डोमेन घेणारा सामान्य नागरिक किंवा नफ्याचा हेतू नसलेला चाहता वा टीकाकार दोषी ठरेलच असे नाही. आयकॅनच्या धोरणानुसार डोमेन रद्द वा हस्तांतरित होते. नुकसानभरपाईसाठी न्यायालयातच जावे लागते.