संवादिनीवादनातील हाताचा ताण व बोटांची ठेवण : एक विवेचन
(विशेष संदर्भ : देहूरोड परिसर)

प्रस्तावना :
मुंबई–पुणे लोहमार्गावरील देहूरोड हे लष्करी छावणी, दारूगोळा भांडार व आयुधनिर्माणी यांमुळे परिचित असलेले गाव आहे. संत तुकारामांचे देहू येथून काही किलोमीटर अंतरावर आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्यामुळे अभंग व भीमगीते या दोन्ही गानपरंपरा या परिसरात शेजारी शेजारी नांदताना दिसतात. या दोहोंना सुरांचा आधार देणारे समान वाद्य म्हणजे संवादिनी, अर्थात पेटी. दिवसभर यंत्रावर काम करून सायंकाळी भजनाला बसणारा कामगार आणि परीक्षेसाठी अलंकार घोटणारा विद्यार्थी यांचे हात याच स्वरपट्ट्यांवर फिरतात. मनगट भरून येणे, अंगठा आखडणे, खांदा जड होणे या त्यांच्या तक्रारींकडे मात्र ‘रियाज कमी पडतो’ अशा दृष्टीने पाहिले जाते. प्रस्तुत लेखात या तक्रारींमागील कारणांची मीमांसा करून बोटांच्या योग्य ठेवणीचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

वाद्याची पार्श्वभूमी :
फ्रान्समध्ये अलेक्झांडर देबँ यांनी १८४० च्या सुमारास हार्मोनियमला आकार दिला. ते वाद्य पायाने भाता हलवून वाजविले जात असल्याने दोन्ही हात मोकळे राहत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी हातपेटीचा प्रसार केला आणि वाद्य खुर्चीवरून बैठकीत आले. मराठी संगीत रंगभूमीने पायपेटी व ऑर्गन यांना दीर्घकाळ आश्रय दिला. १९११ च्या ‘संगीत मानापमान’ला संगीत देणारे गोविंदराव टेंबे, त्यानंतरचे पी. मधुकर आणि त्यांचे शिष्य, २०१६ मध्ये पद्मश्रीने सन्मानित झालेले पं. तुळशीदास बोरकर, यांनी या वाद्याला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. हातपेटीने सोय झाली, परंतु शरीराची समतोल बैठक मोडली. डावा हात मागील भात्याकडे व उजवा स्वरपट्ट्यांवर अशी विभागणी झाल्याने धड किंचित पिळले जाते. ताणाचा पहिला उगम येथेच आहे.

पियानो व पेटी : स्पर्शातील मूलभूत भेद :
पियानोमध्ये पट्टी दाबताच हातोडी तारेवर आघात करते. पट्टी जितक्या वेगाने खाली जाईल, तितका नाद मोठा होतो. पेटीत स्वरपट्टी हे केवळ झडप उघडण्याचे साधन आहे. झडप उघडली की भात्यातील हवा पितळी पत्तीला कंपित करते, आणि नादाचा लहानमोठेपणा हवेच्या दाबावर, म्हणजे डाव्या हातावर अवलंबून राहतो. झडप पूर्ण उघडल्यानंतर पट्टीवर कितीही जोर दिला तरी सुरात भर पडत नाही. टाळमृदंगाच्या गजरात आपला सूर ऐकू येत नाही असे वाटले की वादक नकळत उजव्या हाताने पट्ट्या रेटू लागतो. हा सर्व जोर व्यर्थ जातो व त्याची किंमत मनगट मोजते.

दुसरा भेदही महत्त्वाचा आहे. पियानोचा नाद आघातानंतर विरत जातो, तर पेटीचा सूर बोट पट्टीवर असेपर्यंतच टिकतो. म्हणून गायकी अंगाने वाजविताना पुढील पट्टी दाबली जाईपर्यंत आधीचे बोट उचलता येत नाही. येथे ‘धरून ठेवणे’ आणि ‘दाबून ठेवणे’ यांतील फरक शिकविणे आवश्यक ठरते. कपलर लावलेल्या पेटीत एका पट्टीबरोबर सप्तकांतराची दुसरी पट्टीही खाली जाते. त्यामुळे विरोध वाढतो व नवशिक्या हाताला ती पेटी लवकर थकविते.

ताणाचे शारीरिक कारण :
बोटांच्या पेरांत स्नायू नसतात. बोटे वाकविणारे व उचलणारे प्रमुख स्नायू कोपर ते मनगट या भागात असून त्यांच्या कंडरा मनगटातून बोटांपर्यंत जातात. मनगट फार वर किंवा खाली वाकलेले असल्यास या कंडरांचा मार्ग वक्र होतो व घर्षण वाढते. वाकविणारे आणि उचलणारे स्नायू एकाच वेळी आकुंचित झाले, तर बोट हलत नाही, केवळ ताठ होते. या ताठरपणालाच व्यवहारात ‘हात आखडणे’ म्हणतात.

अनामिकेच्या पाठीमागील कंडरा शेजारच्या बोटांच्या कंडरांशी तंतूंनी जोडलेल्या असतात. मधले बोट वाकवून तळहात टेबलावर ठेवल्यास अनामिका स्वतंत्रपणे उचलणे कठीण जाते, ते यामुळेच. म्हणून सर्व बोटे सारखी उंच उचलण्याचा आग्रह शरीररचनेच्या विरुद्ध आहे. बोट पट्टीलगत ठेवून तेवढेच हलविणे, हा त्यावरील उपाय होय.

बोटांची ठेवण व स्वरपट्टी :
पाश्चात्त्य परंपरेत कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख यांनी १७५३ च्या ग्रंथात अंगठ्याला वादनात पूर्ण स्थान दिले. शोपँ आपल्या शिष्यांचा हात प्रथम अशा पाच पट्ट्यांवर ठेवत, की ज्यांत मधली तीन लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर आणि अंगठा व करंगळी पांढऱ्यांवर येतात. हाताची नैसर्गिक घडण हीच आहे. अंगठा पांढऱ्या पट्टीवर व लांब बोटे काळ्यांवर, हे सूत्र पेटीलाही तंतोतंत लागू पडते.

उदाहरणार्थ, काळी एक हा षड्ज मानून बिलावलाचा आरोह घेतल्यास सा–तर्जनी, रे–मध्यमा, ग–अंगठा, म–तर्जनी, प–मध्यमा, ध–अनामिका, नी–अंगठा, तार सा–तर्जनी अशी बोटे येतात. तोच आरोह काळी चारमध्ये घेतल्यास सा–मध्यमा, रे–अनामिका, ग–अंगठा, म–तर्जनी, प–मध्यमा, ध–अंगठा, नी–तर्जनी, तार सा–मध्यमा अशी रचना सोयीची ठरते. पहिल्यात अंगठा ग व नी वर, तर दुसऱ्यात ग व ध वर येतो. अलंकार तेच राहतात, परंतु बोटे बदलतात. पांढरी एकमध्येच घोटून तयार झालेला विद्यार्थी गायिकेच्या काळी चारची साथ करताना गोंधळतो व अंगठा काळ्या पट्टीवर नेण्यासाठी मनगट तिरके करतो. स्केलचेंजर पेटीने ही अडचण टळते, परंतु प्रत्येक भजनी मंडळाकडे ती असतेच असे नाही.

अंगठा बोटांखालून नेताना कोपर उडवू नये. हात स्वरांच्या दिशेने आडवा सरकावा व अंगठा त्याच्याबरोबर आधीच तयार असावा.

बैठकीचा विचार :
पेटी जमिनीवर आणि वादक मांडी घालून, अशा बैठकीत पट्ट्यांची उंची कोपराच्या पातळीस यावी. उंच पेटीपुढे बुटका वादक बसल्यास खांदे वर चढतात. अशा वेळी खाली घडी केलेली सतरंजी घेणे हा साधा उपाय आहे. गुडघे पेटीला भिडून ती दूर ढकलली गेल्यास हात ताणला जातो, म्हणून पेटी किंचित तिरकी ठेवावी. आतील भाता हवा साठवून ठेवतो. त्यामुळे बाहेरील भात्याला लहान व नियमित हेलकावे पुरतात, प्रत्येक स्वराला झटका देण्याची गरज नसते.

दुर्लक्षाचे परिणाम :
अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची दोन बोटे १९६० च्या दशकाच्या मध्यास आपोआप वळू लागली. फोकल डिस्टोनिया नावाच्या या विकारामुळे अनेक वर्षे ते केवळ डाव्या हातासाठीच्या रचना वाजवीत राहिले. प्रत्येक दुखणे असे गंभीर नसते. परंतु दुखऱ्या हाताने रियाज रेटणे ही साधना नव्हे, हे विद्यार्थ्यास स्पष्टपणे सांगितले पाहिजे. बधिरता, मुंग्या किंवा विश्रांतीनंतरही टिकणारी वेदना असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. दिवसभर हाताने यंत्र चालविणाऱ्या कामगाराने तर रात्रीचा रियाज थोडा थोडा व मध्ये विश्रांती घेऊन करावा, कारण दोन्ही कामांचा भार त्याच कंडरांवर पडतो.

निष्कर्ष :
१) पेटीत नादाचे नियंत्रण भात्याकडे असल्याने उजव्या हाताचा अतिरिक्त जोर निष्फळ ठरतो.
२) बोटांचा क्रम रागाबरोबरच षड्जाच्या पट्टीवरही अवलंबून असतो. म्हणून प्रारंभापासून किमान दोन-तीन पट्ट्यांमध्ये अलंकारांचा सराव द्यावा.
३) बैठक, मनगट व कोपर यांचे निरीक्षण हा अध्यापनाचा नियमित भाग असावा.
४) युवक महोत्सवासाठी साथीदार निवडताना ऐनवेळी दीर्घ सराव लादण्याऐवजी गायकाची पट्टी आधी निश्चित करून द्यावी.

देहूरोडसारख्या श्रमिकांच्या परिसरात हात हेच उपजीविकेचे साधन असते. त्या हाताला संगीताने विसावा द्यावा, नवे दुखणे देऊ नये, एवढी जाणीव अध्यापकांनी ठेवली तरी भजनातील पेटी अधिक काळ आणि अधिक सुरेल वाजत राहील.