कड्यावरचा दोर आणि मंडईतला ग्राहक

पावसाळा सुरू झाला की पुण्यातील महाविद्यालयांत आणि कचेऱ्यांत अलीकडे एका नव्या रविवारच्या बेताची चर्चा ऐकू येते. भिवपुरीच्या किंवा दुधिवऱ्याच्या धबधब्यावरून दोराच्या साहाय्याने खाली उतरायचे. सोबत मार्गदर्शक असणार, पूर्वानुभवाची आवश्यकता नाही, गाडीभाडे व जेवण धरून अमुक इतके रुपये. रॅपलिंग या नावाने हा प्रकार आता सर्वपरिचित झाला आहे.

त्याकडे पाहून नाके मुरडण्याचे कारण नाही. सिंहगड रोज नजरेसमोर असलेल्या शहराला कडा आणि दोर यांचे नाते नवे नाही. परतीचे दोर कापण्याचा वाक्प्रचारही आपण १६७० सालच्या त्या गडाच्या कथेशीच जोडतो. परीक्षा आणि नोकरी यांच्या चाकोरीत वाढलेल्या तरुणाने कड्याच्या टोकाशी पाठमोरे उभे राहावे, भीतीने पाय लटपटत असताना दोरावर भार टाकून मागे झुकावे आणि आपण उतरू शकतो हे अनुभवावे, यात शिक्षण आहे. प्रश्न साहसाचा नाही. तो ज्या पद्धतीने विकला जातो तिचा आहे.

१८८६ साली रे मार्केट या नावाने सुरू झालेल्या व पुढे महात्मा फुले यांचे नाव धारण केलेल्या आपल्या मंडईतील व्यवहार पाहावा. ग्राहक वांगे हातात घेऊन निरखतो, भेंडीचे टोक मोडून पाहतो, काल एका गाळ्यावर फसला तर आज शेजारच्या गाळ्याकडे वळतो. तो बाजार चालतो तो या पारखीवर. शिवाय माल वाईट निघालाच, तर नुकसान एका वेळच्या भाजीचे. कड्याच्या माथ्यावर उभ्या राहिलेल्या नवख्याला यांपैकी एकही सवलत नाही. दोर नवा आहे की दहा वर्षांचा, तो आजवर किती वेळा धारदार कडेवर घासला गेला, खडकातला बोल्ट कोणी व किती खोल ठोकला, हे त्याला डोळ्यांनी कळत नाही. आणि तेथे माल वाईट निघाला, तर पुन्हा दुसरा गाळा शोधण्याची संधी मिळेलच असे नाही.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच दाखवून दिले होते. मालाचा दर्जा विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर ग्राहक केवळ किंमत पाहतो. मग चांगला माल देणाऱ्याला त्याचा खर्च भरून काढता येत नाही व तो बाजारातून हटतो. पुढे २००१ साली याच विवेचनासाठी ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. पावसाळी सहलींच्या जाहिरातींत शंभर-दोनशे रुपयांच्या फरकावरून जी चढाओढ चालते, तिला हा सिद्धान्त तंतोतंत लागू पडतो.

कारण सुरक्षितता ही महाग वस्तू आहे. गिर्यारोहक चढतो तेव्हा त्याचा भार स्वतःच्या हातापायांवर असतो, दोर ही राखीव तजवीज असते. उतरताना मात्र सारा भार दोरावरच पडतो. म्हणून नवख्यासाठी मुख्य दोराखेरीज स्वतंत्र आधाराला बांधलेला दुसरा सुरक्षा-दोर लागतो आणि तो सोडणारा जाणता माणूस लागतो. उतरणाऱ्याचा हात सुटला तरी हा दुसरा दोर त्याला धरतो. सह्याद्रीचा खडक लाव्हारसाचे थरांवर थर साचून बनलेला आहे. त्यातले काही थर टणक, तर काही भुसभुशीत. पावसात सुटे दगड निसटतात. तेव्हा आधार एकाहून अधिक हवेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट हवे. नायलॉनचा दोर भिजला की त्याची ताकद घटते, उन्हाने व घर्षणाने तो झिजतो. न वापरलेला दोरही काही वर्षांनी बाद करावा लागतो. या प्रत्येक गोष्टीत काटकसर करता येते आणि ती ग्राहकाला दिसत नाही.

काही काटकसर मात्र साध्या गणिताने उघड होते. समजा, हार्नेस तपासून, सूचना देऊन एका माणसाला उतरवण्यास दहा मिनिटे लागतात. म्हणजे एका दोरावरून तासाला सहा आणि सहा तासांत छत्तीस माणसे उतरतील. त्याच दोरावर साठ जणांची नावे घेतली असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटे उरतात. वाचलेली ती चार मिनिटे तपासणीतूनच वजा होणार, हे उघड आहे.

जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दोराने उतरण्याच्या मोहिमेत अरुण सावंत यांच्यासारख्या दीर्घ अनुभवी गिर्यारोहकाला प्राण गमवावे लागले. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ते दोरावर नव्हते, परंतु पाण्याचा लोंढा किती अल्पावधीत वाढतो हे त्या घटनेने दाखवले. या दुर्घटनांची कारणे निराळी आहेत. तरीही जेथे जाणत्यालाही धोका चुकत नाही, तेथे नवख्याला घाईने उतरवणे कितपत योग्य, हा प्रश्न उरतोच.

यावर सरसकट बंदी हा उपाय नव्हे. बंदीने जबाबदार आयोजक तेवढा घरी बसतो आणि बेजबाबदार आडवाटेला जातो. राज्य शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून आयोजकांच्या नोंदणीची तरतूद केली, हे योग्यच झाले. जाणकारांचीही आपल्याकडे वाण नाही; १९८२ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने २०१२ साली एव्हरेस्टवर आणि २०१९ साली कांचनगंगेवर यशस्वी मोहिमा नेल्या. उणीव आहे ती चौकस ग्राहकाची. ज्या शहरात १९७४ साली ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली, तेथे ही उणीव शोभत नाही.

एकटा विद्यार्थी भिडेखातर प्रश्न विचारणार नाही, हे मान्य. पण चाळीस जणांचा गट पाठवणारे महाविद्यालय किंवा कर्मचारी संघटना हा मोठा गिऱ्हाईक असतो, आणि मोठ्या गिऱ्हाइकाच्या शब्दाला बाजारात वजन असते. नोंदणीचे प्रमाणपत्र कोठे आहे? सुरक्षा-दोर वेगळ्या आधाराला बांधता का? दोर केव्हा खरेदी केला, त्याच्या वापराची वही दाखवाल का? एका दोरावर किती जण, मार्गदर्शक किती, त्यांनी प्रशिक्षण कोठे घेतले? पाणी वाढल्यास कार्यक्रम रद्द करून पैसे परत देणार का? या प्रश्नांची लेखी उत्तरे देणाऱ्यालाच काम द्यावे, त्याचा दर दोनशे रुपयांनी अधिक असला तरी. सहलीच्या अर्जावर पालकांची सही घेण्यापूर्वी शिक्षकांनी आयोजकाची सही या उत्तरांखाली घ्यावी.