काजळीची भट्टी

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत आता दुसऱ्या मालकाकडे आलेले बीएस-६ ट्रक दिसू लागले आहेत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे वाहनांच्या धुराचे निकष देशभर लागू झाले. त्या पहिल्या खेपेतल्या गाड्या पाच-सहा वर्षांच्या झाल्या, वॉरंटी सरली आणि डॅशबोर्डावरची पिवळी बत्ती वरचेवर पेटू लागली. ड्रायव्हर म्हणतो, ‘गाडी रीजन मागतेय.’ मालक कपाळाला हात लावतो, ‘परवाच तर केलं!’ मग एखादा मेस्त्री हळू आवाजात सुचवतो, ‘शेठ, फिल्टर काढूनच टाकू की.’ हा सल्ला स्वस्त वाटतो. तो का घेऊ नये हे कळायला आधी त्या फिल्टरच्या आत काय चालते ते पाहायला हवे.

भारताने बीएस-४ वरून एकदम बीएस-६ वर उडी मारली, मधला बीएस-५ गाळला. त्यासाठी तेलशुद्धीकरण कारखान्यांना डिझेलमधले गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणावे लागले, कारण गंधक जास्त असेल तर धुराड्यातले उत्प्रेरक मंदावतात. अवजड वाहनांच्या इंजिनाने एक किलोवॉट-तास काम करताना सोडायच्या काजळीची मर्यादा २० मिलिग्रॅमवरून १० वर आली. हा आकडा निम्माच झाला, पण खरी अडचण दुसऱ्या कलमात होती. आता काजळीचे वजन करून भागणार नव्हते. कण किती सुटतात हेही मोजले जाणार होते. सर्वांत बारीक कणांना वजन जवळजवळ नसतेच, आणि फुप्फुसात खोलवर जातात ते हेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले होते. नुसते इंजिन सुधारून कणांच्या संख्येची मर्यादा पाळणे कठीण, म्हणून ट्रकच्या सायलेन्सरात गाळणी आली. तिचे नाव डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, गॅरेजच्या भाषेत डीपीएफ.

ही गाळणी भाजलेल्या सिरॅमिकची, मधाच्या पोळ्यासारखी असते. शेकडो लांब नळ्या शेजारी शेजारी. एक पुढून बंद, तिच्या शेजारची मागून बंद. धूर उघड्या नळीत शिरतो, पण पुढे वाट नसते, म्हणून भिंतीच्या छिद्रांतून शेजारच्या नळीत झिरपतो. काजळी भिंतीवरच राहते. गंमत म्हणजे कोरी भिंत तितकीशी चांगली गाळत नाही. काजळीचा पातळ थर बसला की तो थरच बारीक कण अडवू लागतो.

थर जाड झाला की मात्र इंजिनाला श्वास सोडणे जड जाते. फिल्टरच्या पुढचा आणि मागचा दाब मोजणारा सेन्सर हे टिपतो. काजळी जाळायची, म्हणजेच रीजन करायचे, तर दोन वाटा आहेत. पहिली आपोआप चालते. फिल्टरच्या आधी प्लॅटिनमचा लेप असलेला उत्प्रेरक असतो. तो धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडचा नायट्रोजन डायऑक्साइड करतो, आणि हा वायू २५० ते ४०० अंश सेल्सिअसला काजळी जाळत राहतो. ही युक्ती जॉन्सन मॅथी या ब्रिटिश कंपनीच्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस शोधली. एक प्रदूषक दुसऱ्याला संपवतो आणि उरलेल्याचा समाचार पुढे युरियाची फवारणी घेते. मला या सगळ्या यंत्रणेतला हा सर्वांत देखणा भाग वाटतो.

यासाठी धूर गरम लागतो, आणि पुण्याचा भूगोल इथे आडवा येतो किंवा मदतीला येतो. न्हावाशेव्याहून कंटेनर घेऊन चाकणला निघालेला ट्रक खोपोलीनंतर बोरघाट चढतो, तेव्हा इंजिन पूर्ण ताकदीने ओढत असते आणि काजळी वाटेतच जळून जाते. साताऱ्याच्या वाटेवर खंबाटकीचा चढही हेच काम करतो. अशा गाडीच्या ड्रायव्हरला रीजनची बत्ती क्वचितच दिसते. उलट शहरातला काँक्रीट मिक्सर बघा. प्लँटवरून साइटवर जायला थोडे किलोमीटर, मग माल उतरेपर्यंत ड्रम फिरवत तासन्‌तास इंजिन चालू. वाघोलीच्या क्रशरवरून खडी आणणारा हायवा वाहतूक कोंडीत रांगतो आणि अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळेत कडेला उभा राहतो. धूर तापतच नाही.  

आपोआप जळणे पुरेसे झाले नाही की दुसरी वाट. इंजिन मुद्दाम थोडे डिझेल धुराड्यात सोडते, ते पुढच्या उत्प्रेरकावर पेटते आणि फिल्टरच्या तोंडाशी तापमान ५५० ते ६०० अंशांवर जाते. रस्त्यावर चालताना हे झाले तर ड्रायव्हरला कळतही नाही. बत्ती लुकलुकू लागली तर गाडी उभी करून बटण दाबायचे. इंजिनाची गती वाढते आणि साधारण अर्धा ते पाऊण तास सायलेन्सर भट्टीसारखा तापतो. वाळक्या गवतावर, ताडपत्रीजवळ किंवा साखर कारखान्याच्या आवारात पाचटावर हे करू नये. अर्ध्यात चावी काढणेही वाईट: काजळी तशीच राहते, आणि सोडलेल्या डिझेलपैकी थोडे इंजिन ऑइलमध्ये उतरू शकते. बत्तीकडे दुर्लक्ष होत राहिले की गाडी पिकअप सोडते, मग कंपनीच्या स्कॅनरशिवाय गत्यंतर राहत नाही. फार साठलेल्या काजळीने एकदम पेट घेतला तर फिल्टर तडकतो, वितळतोही.

आता जुन्या गाडीचा मुद्दा. बत्ती वारंवार लागते तेव्हा फिल्टर बहुधा निरपराध असतो. गळका इंजेक्टर, टर्बोच्या सीलमधून जाणारे ऑइल, इंटरकूलरचा फाटलेला होज, धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह बिघडलेला, नाहीतर दाबाच्या सेन्सरची तुंबलेली नळी, यांतले काहीतरी असते. इंजिन जास्त काजळी करते आणि दोष गाळणीवर येतो. शिवाय राख असते. ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंकच्या संयुगांची ही राख कितीही रीजन केले तरी जळत नाही. काही लाख किलोमीटरनंतर फिल्टर उतरवून योग्य यंत्रावर हवेने साफ करून घ्यावाच लागतो. कमी राखेचे ऑइल न वापरता स्वस्तातले ओतले की ती वेळ लवकर येते. दोन रीजनमधले किलोमीटर ड्रायव्हरने वहीत लिहून ठेवावेत. अंतर निम्म्यावर आले तर आधी इंजेक्टर तपासा.

मेस्त्रीच्या सल्ल्याकडे परत येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने बनवलेल्या गाडीत असा मूलभूत बदल करता येत नाही. तरीही फिल्टर काढला जातो, कारण पकडले जाण्याची भीती नाही. पीयूसी केंद्रावर धुराचा काळेपणा मोजतात, कणांची संख्या नाही. आजच्या इंजिनाचा धूर डोळ्यांना फारसा दिसत नाही, म्हणून फिल्टर नसलेली गाडीही त्यातून सुटू शकते. बेल्जियमने २०२२ मध्ये, नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२३ मध्ये चालू गाड्यांच्या तपासणीत कणमोजणी आणली ती याचसाठी. १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहन संशोधन संस्था कोथरूडच्या टेकडीवर आहे, नव्या इंजिनांच्या धुरातले कण मोजण्याची साधने तिच्याकडे आहेत. नव्या गाडीला इतकी कडक परीक्षा आणि रस्त्यावर आल्यावर जवळजवळ मोकळीक, ही विसंगती आता संपवायला हवी. पुण्याने यात पुढाकार घ्यायला हरकत नाही.

तोवर जुना बीएस-६ ट्रक विकत घेणाऱ्यांनी एक सोपी चाचणी करावी. इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या नळीच्या तोंडात बोट फिरवा. फिल्टर शाबूत असेल तर बोट जवळजवळ स्वच्छ राहते. काळे झाले तर फिल्टर तडकला आहे किंवा आत नाहीच, आणि किंमत त्या हिशोबाने ठरवा.