पेपर स्प्रे आणि अनोळखी गल्ली

परदेशी शिकायला निघालेल्या मुलीच्या बॅगेत मेतकुटाच्या डब्याशेजारी पेपर स्प्रेची बाटली सरकवणारे पालक पुष्कळ आहेत. ब्रिटनमध्ये ही बाटली नुसती जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. तिथल्या बंदुकांच्या कायद्यात ती प्रतिबंधित शस्त्रांत मोडते. आणि बाटली ज्याच्या धास्तीने दिलेली असते, तो अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूस. प्रत्यक्षात लैंगिक अत्याचार करणारा बहुतेकदा ओळखीचा निघतो. प्रवासात ओळखी भराभर होतात, एवढंच. हॉस्टेलमधला सोबती, गाइड, खोली देणारा घरमालक, नाहीतर आपल्याच ग्रुपमधला कुणी.

‘अंघोळ केली, कपडे धुतले, आता पुरावा कुठला?’ या समजुतीपायी अनेकजणी दवाखान्याची पायरीच चढत नाहीत. अंघोळीने पुरावा कमी होतो, पण संपत नाही. काही दिवसांनंतरही नमुने मिळू शकतात. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत, कारण प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि नमुने खराब होतात. पेयात काही मिसळल्याचा संशय असेल तर मात्र लघवीचा नमुना लगेच द्यायला हवा. जीएचबीसारखं गुंगीचं औषध साधारण बारा तासांतच शरीरातून निघून जातं. (सर्वाधिक वापरलं जाणारं ‘औषध’ साधी दारूच आहे, ही गोष्ट वेगळी.) एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्याव्या लागतात. पोलिसांत जायचं की नाही हे ठरत नसलं तरी हे उपचार अडू नयेत. इंग्लंडमधल्या खास केंद्रांत तर तक्रार न करताही तपासणी होते आणि नमुने जपून ठेवता येतात.

‘दूतावास सगळं बघेल.’ नाही बघत. दूतावास तपास करत नाही आणि कोर्टात ढवळाढवळही करू शकत नाही. वकिलांची यादी, दुभाषा, घरच्यांशी संपर्क, हरवलेल्या पासपोर्टऐवजी परतीचा दाखला अशी मदत त्याच्याकडून मागता येते. गरजूंच्या कायदेशीर मदतीसाठी आपल्या दूतावासांकडे 2009 पासून एक कल्याण निधीही आहे.

‘आधी पोलीस’ हा सल्लाही सगळीकडे चालत नाही. दुबईत 2013 मध्ये बलात्काराची तक्रार घेऊन गेलेल्या नॉर्वेच्या एका तरुणीलाच विवाहबाह्य संबंध वगैरे आरोपांखाली 16 महिन्यांची शिक्षा झाली. जगभर ओरड झाल्यावर माफी मिळाली. अमिरातीने 2020 नंतर कायदे बरेच सैल केले, पण कतारमध्ये विवाहबाह्य संबंध आजही गुन्हाच आहे. अशा देशांत आधी दूतावासाला फोन आणि वकिलाचा सल्ला, मगच पोलीस चौकी.

‘मायदेशी परतलं की केस बुडाली.’ गोव्याकडे बघा. फेब्रुवारी 2008 मध्ये हणजूणच्या किनाऱ्यावर 15 वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला. पोलिसांनी आधी बुडून मृत्यू म्हणून विषय मिटवला. आईने दुसरं शवविच्छेदन करायला लावलं, तेव्हा जखमा उजेडात आल्या. तोवर आपल्याकडची चर्चा ‘पोरीला एकटी सोडलीच कशी’ इथेच अडकून पडली होती. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत लाजिरवाणा भाग तोच. 2016 मध्ये दोन्ही आरोपी सुटले. 2019 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने एकाला दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा दिली. अकरा वर्षं ती आई परदेशातून लढत राहिली. साक्षीसाठी दर वेळी विमान पकडावं लागतं असंही नाही. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये अमेरिकेतल्या साक्षीदाराची व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवरची साक्ष मान्य केली आहे.

अत्याचार करणारा भारतीय नागरिक असेल तर गुन्हा बँकॉकमध्ये घडला तरी तक्रार इथे करता येते. तपासही सुरू होतो. खटला चालवायला मात्र केंद्र सरकारची मंजुरी लागते.

राहता राहिला ‘मुलगाय, त्याला काय होतंय’ हा समज. इंग्लंडच्या कायद्यात 1994 पासून पुरुषावरचा बलात्कारही बलात्कारच आहे. आपल्याकडे 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता आली आणि अनैसर्गिक संभोगाविरुद्धच्या जुन्या 377 कलमासोबत प्रौढ पुरुषाला असलेला तो एकमेव आधारही गेला. पुण्याच्या मुलावर लंडनमध्ये अत्याचार झाला तर तिथे बलात्काराचा खटला उभा राहील; तोच प्रकार पुण्यात घडला तर दुखापतीच्या कलमांवर भागवावं लागेल.