गोळ्या चालू, पथ्य चालू, तरी साखर का उतरत नाही?

आमच्या घरातली गोष्ट आहे. माझी मोठी चुलत बहीण, तिला आम्ही सगळे आपा म्हणतो. काही वर्षांपूर्वी, एकेचाळीसाव्या वर्षी तिला ‘शुगर’ निघाली. चाळिशी ओलांडलेली, म्हणजे टाइप 2 च असणार, असं धरून गोळ्या सुरू झाल्या. आपाने भात कमी केला, चहातली साखर बंद केली, रोज फजरनंतर पाऊण तास चालायला लागली. तरी दीड वर्षात तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए1सी, 7.8 वरून 10.4 वर गेली आणि वजन 52 किलोवरून 45 वर आलं. घरात कुजबुज सुरू झाली, ‘चोरून गोड खात असणार!’ लग्नात जर्दा वाढला की सगळ्यांच्या नजरा तिच्या ताटाकडे. ती बिचारी काही खात नव्हती. तिचा आजारच वेगळा निघाला.

आधी नेहमीचे दोन प्रकार समजून घेऊ. पोटात जठरामागे स्वादुपिंड असतं. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. इन्सुलिन म्हणजे रक्तातली साखर पेशींच्या आत नेणारी किल्ली, असं मी वर्गात मुलांना सांगते. टाइप 2 मध्ये किल्ली असते, पण कुलूप गंजलेलं असतं. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. आपल्या देशातले बहुतेक रुग्ण याच प्रकारचे. टाइप 1 मध्ये किल्ली बनवणारा कारखानाच बंद पडतो. शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच बीटा पेशींवर हल्ला करते. हा बऱ्याचदा लहान किंवा तरुण वयात, काही आठवड्यांतच उघड होतो आणि पहिल्यापासून इन्सुलिन लागतं.

आपाचा प्रकार या दोघांच्या मधला. डॉक्टर त्याला ‘लाडा’ म्हणतात. हल्ला टाइप 1 सारखाच, पण सावकाश. कारखान्यातला एकेक कामगार कमी होत जावा, तसा. साधारण तिशीनंतर सुरू होतो, पहिले सहा महिने तरी इन्सुलिनशिवाय निभावतं, कधी काही वर्षंही. म्हणून तो टाइप 2 समजला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 च्या वर्गीकरणात त्याला मिश्र प्रकारांत जागा दिली आहे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात, नव्यानेच टाइप 2 ठरवलेल्या दर दहा रुग्णांमागे सुमारे एकाच्या रक्तात या हल्ल्याची खूण सापडली होती.

मग संशय कधी घ्यायचा? अंगकाठी सडपातळ आहे, पथ्य आणि गोळ्या असूनही साखर चढते, वजन उतरतं, स्वतःला किंवा घरात कुणाला थायरॉईडचा ऑटोइम्यून आजार किंवा टाइप 1 आहे, अशा वेळी. मात्र नुसतं बारीक असणं हा पुरावा नाही. आपल्याकडे सडपातळ माणसांनाही टाइप 2 होतो. खात्री रक्ततपासणीनेच होते.

तपासण्या दोन. पहिली गॅड अँटीबॉडी. हल्ला चालू आहे का, ते ती सांगते. दुसरी सी-पेप्टाइड. शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवतं तेव्हा त्याच्या बरोबरीनेच हा घटक तयार होतो. म्हणून कारखान्यात किती काम शिल्लक आहे, ते यावरून कळतं. आपाची गॅड पॉझिटिव्ह आली आणि सी-पेप्टाइड फार कमी.

प्रकार ओळखणं एवढं महत्त्वाचं का? कारण औषध बदलतं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या थकलेल्या बीटा पेशींकडून जास्त काम करून घेतात. लाडामध्ये तज्ज्ञ त्या टाळायला सांगतात. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्यांनी, इन्सुलिन कमी असताना, रक्तात आम्ल साठण्याचा धोका वाढतो, आणि तेव्हा साखर फार वाढलेली दिसेलच असं नाही. उलट्या, पोटदुखी, धाप, प्रचंड थकवा जाणवला तर थेट दवाखाना गाठा. पण हे वाचून कुणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका. डॉक्टरांना एवढंच विचारा, ‘साहेब, माझी गॅड आणि सी-पेप्टाइड करून बघायची का?’

इन्सुलिनचं नाव काढलं की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, ‘म्हणजे आता शेवटची स्टेज.’ तसं नाही. जे शरीरात बनत नाही, ते बाहेरून देणं, एवढंच ते आहे. दुसरी, ‘ते डुकरापासून काढतात ना?’ पूर्वी गाय-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत, हे खरं. पण 1982 पासून जिवाणू किंवा यीस्टच्या मदतीने बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आहे आणि आज सर्रास तेच किंवा त्याचे सुधारित प्रकार वापरले जातात. शंका असेल तर औषधवाल्याला विचारून घ्या, पण त्यासाठी उपचार लांबवू नका.

रमजानचंही तसंच. इन्सुलिनवर असणाऱ्यांनी दीड-दोन महिने आधी डॉक्टरांशी बोलावं. रोजा ठेवता येईल का, डोस कसा बदलायचा, हे तेच ठरवतील. रोज्यात साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा सोडावा, असं तज्ज्ञ सांगतात.

आपा आता इन्सुलिन घेते. वजन पुन्हा 50 वर आलंय, एचबीए1सी 7 च्या आसपास आहे. पण ‘चोरून खाते’ हे शब्द ती अजून विसरलेली नाही. तुमच्या घरात कुणाची साखर उतरत नसेल, तर त्यांच्या ताटात डोकावण्याआधी एकदा तपासणी करून घ्या.